चाळीस हजार रुपये, बसचं गाणं आणि राजीनामा

तू मला दादा म्हटलंस, म्हणून मीही सरळ 'तू'च म्हणतो. तुझ्या लांबलचक पत्राचा गोषवारा आधी देतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय सव्वीस, गाव साताऱ्याजवळचं, नोकरी हिंजवडीला. स्वतः लिहून, स्वतः चाली लावून चौदा गाणी तयार आहेत. त्यातल्या एसटीच्या गाण्याचं रील आठ लाख वेळा पाहिलं गेलं. त्यातून हातात दमडी आली नाही, पण एका म्युझिक कंपनीचा मेल आला. गाण्याचे एकरकमी चाळीस हजार, अकरा पानांचा करार, आणि 'शुक्रवारपर्यंत कळवा'. तुझे प्रश्न दोन: सही करू का, आणि नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करू का? तिसरा तू विचारला नाहीस, पण पत्रभर तोच आहे. हे आयुष्य असतं तरी कसं?

सही या करारावर नको. राजीनामा इतक्यात नको. आता कारणं.

मी नऊ वर्षं एका सहकारी बँकेत क्लार्क होतो. दिवसा पासबुकं छापायची, रात्री गाणी लिहायची. २०१४ मध्ये नोकरी सोडली तेव्हा वाटलं, चला, कारकुनी सुटली. कुठली सुटतेय! कंपनीत ज्या कामांना दहा माणसं असतात ती सगळी कामं एकट्यानं करणारा तो स्वतंत्र गायक-गीतकार. गाणं एखाद्या संध्याकाळी सुचतं, बांधायला पंधरवडा लागतो. उरलेलं वर्ष मेल, बिलं, नोंदी, आणि "सर, त्या पेमेंटचं काय झालं?" हा फोन आवाज न चढवता पाचव्यांदा करणं. माझ्याबरोबर सुरुवात केलेले चार-पाच जण होते, माझ्याहून चांगलं लिहिणारे, माझ्याहून कितीतरी सुरेल गाणारे. आज त्यातला एकही या धंद्यात नाही. त्यांच्या गाण्यात खोट नव्हती, पण हिशेबाची वही एकाकडेही नव्हती.

तुझा करार मी दोनदा वाचला. तो दुष्ट हेतूनं लिहिलाय असं म्हणणार नाही. असा एक साचा तयार असतो, नाव आणि रक्कम बदलून सगळ्यांना तोच जातो. पण चौथं कलम बघ. शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आज असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी. विश्वात म्हणजे खरंच विश्वात. उद्या मंगळावर कुणी तुझं गाणं लावलं तरी ते कंपनीचं. हसू येतं, पण यातला एकेक शब्द मोजून बसवलेला आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. आणि सही करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क जात नाहीत. करार गप्प राहिला की फायदा गाणं लिहिणाऱ्याचा होतो. म्हणून करार गप्प राहत नाही.

गाणं एक असलं तरी त्याचे सातबारे तीन. शब्दांचा एक, चालीचा दुसरा, आणि रेकॉर्डिंगचा, म्हणजे आमच्या बोलीत मास्टरचा, तिसरा. तिन्ही आज तुझ्या नावावर आहेत. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही; शब्द कागदावर उतरले, चाल फोनमध्ये रेकॉर्ड झाली की हक्क तयार. नोंदणी केलीस तर पुरावा म्हणून कामाला येते. मी निदान प्रत्येक कच्ची फाइल त्याच दिवशी स्वतःला मेल करून ठेवतो. शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क तुझ्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं चालतो. तू ऐंशी वर्षं जगलीस असं धरू. चोपन्न अधिक साठ, एकशे चौदा वर्षं. चाळीस हजारांना एकशे चौदानं भागलं की वर्षाला साडेतीनशे रुपये पडतात. बँकेतली सवय, जात नाही.

कंपनी स्टुडिओ, वादक, मिक्सिंग, व्हिडिओ यांचा खर्च करून नवं रेकॉर्डिंग करणार असेल तर त्या मास्टरवर तिचा हक्क रास्त आहे, त्यावर कुरकुर करू नकोस. अडतं ते शब्द आणि चाल यांच्यापाशी. नववं कलम म्हणतं की एकरकमी मोबदल्यानंतर तुझा कुठल्याही रॉयल्टीवर दावा राहणार नाही. हे कलम कायद्यापुढे टिकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा जो हक्क आहे, तो त्यांना स्वतःहूनही सोडता येत नाही. वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट संस्थेलाच तो देता येतो. याविरुद्ध केलेला करार तेवढ्यापुरता रद्दबातल. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर किती वर्षं आवाज उठवला, हे तुझ्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. कलम टिकत नसलं तरी ते करारात असतं, कारण बहुतेक जण सही करून विसरून जातात.

मीही गेलो होतो. २०११ मध्ये एक गाणं मी पंधरा हजाराला दिलं, सगळे हक्क, कायमचे. तीन वर्षांनी विधानसभेच्या प्रचारात एक टेम्पो आमच्या गल्लीतून गेला. त्यावर माझीच चाल, शब्द मात्र उमेदवाराच्या नावाचे. आईनं गॅलरीतून हाक मारली, "अरे, तुझं गाणं लागलंय!" तिला काय सांगणार? हक्क विकल्यावरही आपल्या कृतीचं विद्रूपीकरण थांबवण्याचा नैतिक हक्क कायद्यानं लेखकाकडे राहतो, हे मला नंतर एका वकिलानं सांगितलं. तोवर निकाल लागला होता, उमेदवार पडला होता, आणि कोर्टात जायला माझ्याकडे ना पैसा होता ना दम.

तेव्हा शुक्रवारी नकार पाठवू नकोस, दुरुस्त्या पाठव. शब्द आणि चाल तुझ्याकडे राहतील. कंपनीला तिच्या रेकॉर्डिंगसाठी पाच किंवा सात वर्षांचा परवाना. चाळीस हजार ही आगाऊ रक्कम, पुढच्या कमाईतून वळती होईल, त्यानंतर वाटा सुरू. जाहिरात, मालिका आणि राजकीय प्रचार यांसाठी दर वेळी तुझी लेखी परवानगी. सगळीकडे 'शब्द, संगीत, गायन' असं पूर्ण श्रेय. आणि हे गाणं कार्यक्रमांत गाण्याची तुला मुभा. हसू नकोस, हेही लिहून घ्यावं लागतं. एखाद्या वकिलाला फी देऊन एकदा वाचायला दे. आणि ती शुक्रवारची मुदत मनावर घेऊ नकोस. ज्यांना गाणं खरंच हवंय ते सोमवारीही फोन करतात.

नाहीच जमलं तर गाणं स्वतः प्रकाशित कर. आता ते अवघड राहिलेलं नाही. डिस्ट्रिब्यूटर वर्षाची फी घेतो किंवा कमाईतला हिस्सा, आणि गाणं सगळ्या ॲप्सवर पोहोचवतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, मिळतो; तो वहीत लिहून ठेव, पुढे प्रत्येक भांडणात तोच लागतो. रोमन लिपीत नावाचं स्पेलिंग पहिल्या दिवशी ठरव आणि मरेपर्यंत बदलू नकोस. माझ्या आडनावाची तीन स्पेलिंगं फिरत आहेत, म्हणजे ॲपच्या लेखी मी तीन गायक आहे आणि तिघेही गरीब. स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टसाठी, म्हणजे त्यांची माणसं गाणी निवडून लावतात त्या यादीसाठी, गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. मी चार आठवडे हाताशी ठेवतो.

पैशांची स्वप्नं मात्र तिथे पाहू नकोस. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की आता मराठीला दिवस आले. श्रोते मिळाले हे खरं. ऑस्ट्रेलियातून, जर्मनीतून लोक लिहायला लागले. पण एका ऐकण्याचा दर पैशांत आहे, रुपयांत नाही. लाखभर ऐकण्यांमागे माझ्या हाती आजवर चार आकडीच रक्कम आली. २०२४ पासून तर मागच्या बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला तिथे काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींच्या वाट्यासाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं, हे तुला माहीत असेलच.

आयपीआरएसचं सभासदत्व मात्र या महिन्यात घे. १९६९ पासूनची संस्था आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटते. नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाण्याची तिथे वेगळी नोंद करायची असते. माझी सहा वर्षांची गाणी नोंदवायची राहिली होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कार्यक्रम बंद, घरात बसून एका आठवड्यात सगळी नोंदवली. पुढच्या वर्षी खात्यात जी रक्कम आली ती फार मोठी नव्हती, पण त्या वर्षी आलेली जवळपास तेवढीच.

आता पोट कशावर चालतं ते. माझ्या वहीतले गेल्या वर्षीचे शंभर रुपये उलगडून दाखवतो. सेहेचाळीस कार्यक्रमांचे. चोवीस दुसऱ्यांसाठी केलेल्या कामाचे: जिंगल, शाळेचं गीत, एका दवाखान्याच्या माहितीपटाचं पार्श्वसंगीत, एका कारखान्याच्या पन्नाशीचं गाणं. अठरा शिकवण्यांचे. आठ ॲप्स आणि यूट्यूबचे. चार आयपीआरएसचे. म्हणजे 'माझी गाणी लोक घरी बसून ऐकतात' यातून आले बारा. बाकी अठ्ठ्याऐंशी रुपयांसाठी मला कुठेतरी उभं राहून काहीतरी करावं लागलं. दर वर्षी आकडे हलतात, पण चित्र साधारण हेच.

कार्यक्रमांचं वर्ष पंचांगाबरोबर चालतं, हे तुला कुणी सांगणार नाही. गणपतीत मंडळं आणि सोसायट्या. त्यानंतर पितृपक्ष, त्यात एकही सुपारी नसते; आमच्या वादकांची दाढदुखी, गुडघेदुखी सगळं त्या पंधरवड्यात. मग नवरात्र, कोजागिरी, आणि दिवाळी पहाट. पहाटे साडेपाचला सूर लावायचा, म्हणजे साडेतीनला उठून गरम पाणी. पुढे जानेवारीत कॉलेजांची स्नेहसंमेलनं, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या एका दिवशी तीन फोन येतात आणि १ मार्चला एकही नाही. मे महिन्यात व्याख्यानमाला, एखादं वाचनालय. जून ते ऑगस्ट सुकाळ फक्त पावसाचा. मी गाणी त्या तीन महिन्यांत लिहितो आणि खर्च आधीच्या नऊ महिन्यांतल्या शिलकीतून करतो. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होण्याची तुला सवय आहे. ती मोडायला दोन वर्षं लागतात आणि त्या दोन वर्षांत माणूस घरच्यांशी विनाकारण भांडतो.

दिवाळी पहाटेला तुझी चौदा गाणी कुणी ऐकणार नाही. तिथे आलेल्या काकांना त्यांच्या लग्नाच्या वर्षातली गाणी हवी असतात आणि बॅनरवर नगरसेवकाचा फोटो असतो. त्यात कमीपणा मानू नकोस. मी बारा जुनी गाणी गातो आणि तीन माझी, तीही पाचव्या, नवव्या आणि शेवटून दुसऱ्या जागी. शेवटून दुसऱ्या गाण्यानंतर जे लोक मंचामागे येऊन "हे कुणाचं हो?" विचारतात ते माझे. त्यांचे नंबर मी लिहून घेतो. वर्षातून दोनदा माझ्याच गाण्यांची छोटी मैफल करतो, साठ-सत्तर खुर्च्या, तिकीट लावून, आणि त्या खुर्च्या या नंबरांतून भरतात. तुझ्या आठ लाखांपैकी किती जणांना तू पुण्यात शनिवारी संध्याकाळी एका हॉलमध्ये बोलावू शकतेस? उत्तर शून्य असलं तरी घाबरू नकोस, पण मोजायला तिथून सुरुवात कर.

एक बारीकशी सूचना. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर तुझी गाणी शेवटाला ठेवूच नकोस. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आधी सत्कार लांबतात, आणि कापलं जातं ते नेहमी नवं गाणं.

मानधनाचं बोलताना लाजू नकोस. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, निम्मी मंचावर चढण्याआधी. साथीदारांची पाकिटं आधी, आपलं नंतर. ही या धंद्यातली खरी पत. बिल देतेस तिथे बहुधा दहा टक्के टीडीएस कापला जाईल. तो गेला असं समजू नकोस, विवरणपत्र भरून कराइतका ठेवून बाकी परत मिळतो. आणि विवरणपत्र दर वर्षी भर, कमाई नगण्य असली तरी. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलीस की टेबलापलीकडचा माणूस मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं मागतो. मी त्या टेबलापलीकडे बसलोय. एका नावाजलेल्या तबलजींना मला कागदांअभावी परत पाठवावं लागलं होतं, तो दिवस आजही आठवतो.

तू लिहिलंयस की स्वतः लिहून स्वतः गाण्याचा प्रकार मुळात पाश्चात्त्य, आपल्याकडे कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. भावगीतांपुरतं ते बरंचसं खरं. पण सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आठव. १९२२ चा जन्म, मोठेपणी अक्षरओळख झालेली, आणि मग हजारो गाणी: स्वतः लिहिली, स्वतः गायली, गावोगाव फिरून, वस्तीत, जयंतीच्या मंचावर. त्यांची गाणी आजही लोकांच्या तोंडी आहेत, कित्येकदा कुणाची हे माहीत नसताना. त्यांच्याही आधी शाहीर होतेच. त्याहून वेगळा मासला गोव्यात. रेमो फर्नांडिस मुंबईत वास्तुकला शिकून परतले, शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या मशिनवर १९८४ मध्ये आपला पहिला अल्बम स्वतःच रेकॉर्ड केला, मुखपृष्ठही स्वतःच केलं, आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोहोचवल्या. लेखक, वादक, ध्वनिमुद्रक, चित्रकार आणि डिलिव्हरी बॉय एकच. आपल्याकडे २००३ मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा दोघं जण बसून स्वतःचीच गाणी गाणार आणि त्याला तिकीट काढून लोक येणार, हे नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांना पचायला वेळ लागला असेल. ज्याच्या डोक्यातलं गाणं त्याच्याच तोंडून ऐकायची भूक इथे आहे. तिला जागा मात्र स्वतःच शोधून द्यावी लागते.

आता मला ज्यात खरा रस आहे ते. तुझी चौदाही गाणी ऐकली. गळा स्वच्छ आहे, चाली सोप्या वाटतात पण सोप्या नाहीत, ही मोठी गोष्ट. मराठी शब्द गिटारवर बसवताना मात्र तू दोन ठिकाणी अडखळतेस. पहिलं ठिकाण लांब सुराचं. वरचा सूर धरायचा तर शब्द स्वरावर संपायला हवा, 'आ' किंवा 'ओ' असेल तर उत्तम. तू 'आभाळ'वर सूर धरतेस, म्हणजे एकतर 'आभा' वर ताणून 'ळ' कसाबसा टाकतेस, नाहीतर 'आभाळऽ' असं काहीतरी होतं जे मराठीत कुणी बोलत नाही. जुन्या गाण्यांत ओळीच्या शेवटी 'रे', 'गं', 'हो' का येतात? सूर टेकवायला ती खुंटी आहे. तुला त्या जुनाट वाटत असतील तर शब्दांचा क्रम फिरव, 'आभाळा' अशी हाक मार, विभक्ती लाव. पण सुराला बसायला पाट दे.

दुसरं, यमक. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'जाते, येते, राहते, वाहते' ही यमकं फुकट मिळतात. फुकटचं यमक ऐकणाऱ्याला दुसऱ्याच ओळीत कळतं आणि तिसरी ओळ काय असेल हे तो आधीच ओळखतो. तुझ्या नऊ गाण्यांत हे आहे. क्रियापद ओळीच्या पोटात ढकल, शेवटाला वस्तू आण: पिशवी, थांबा, खिडकी. बसच्या गाण्यात तू नेमकं हेच केलंयस आणि आठ लाखांनी तेच गाणं ऐकलं. आठ अक्षरांची ओळ चार ठोक्यांत किती आपसूक बसते ते पाहायचं असेल तर बहिणाबाईंच्या ओव्या मोठ्यानं म्हणून बघ. त्यांना चाल लावायचीही तुला मोकळीक आहे. त्यांच्या कवितांची कॉपीराइटची मुदत संपली. कुसुमाग्रजांची कविता घ्यायची असेल तर मात्र परवानगी लागेल, २०५९ अखेरपर्यंत.

घरी रेकॉर्ड करतेस ते चालू ठेव. बरा कंडेन्सर माइक, तो संगणकाला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस, आणि कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर उभं राहणं. मागे दोन गोधड्या टांगल्या की खोलीचा घुमारा मरतो. 'चांदणं', 'चाक' यांतला जिभेच्या टोकाचा 'च' माइकवर फार चावतो, म्हणून वीतभर दूर आणि जरा तिरकी उभी राहा. मिक्सिंग दुसऱ्याला दे. आपल्याच आवाजाचं मिक्सिंग करणारा माणूस एकतर आवाज लपवतो नाहीतर सगळ्यांच्या डोक्यावर बसवतो. मी दोन्ही केलंय.

गळ्याबद्दल एवढंच. २०१६ च्या गणपतीत दहा दिवसांत अकरा कार्यक्रम घेतले आणि बाराव्या दिवशी आवाज गेला. स्वरतंतूंवर गाठी. डॉक्टरांनी सहा आठवडे बोलणंही बंद करायला सांगितलं. नवरात्र गेलं, कोजागिरी गेली, दिवाळी पहाटेचे आगाऊ घेतलेले पैसे परत केले. पाटीवर लिहून बायकोशी भांडता येत नाही, हा एवढाच फायदा. तेव्हापासून सलग तीन दिवस कार्यक्रम घेत नाही आणि सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत असतो. त्या ठेवीला हात लावायचा नाही, नवी गिटार दिसली तरी.

आणि एक गोष्ट, जी आमच्यातले बहुतेक जण मुलाखतीत गाळतात. नोकरी सोडल्यावर पहिली पाच वर्षं माझं घर बायकोच्या पगारावर चाललं. ती शाळेत शिकवते. 'मी धाडस केलं' असं मी म्हणतो तेव्हा ते धाडस दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या खात्यात जमा होत होतं. तुझ्या मागे असं कोण आहे, हा प्रश्न विचारणं मला आवडत नाही, पण राजीनाम्याआधी तो विचारावाच लागतो. कुणी नसेल तर तुझी नोकरीच तुझी पुरस्कर्ती आहे असं समज. तिच्याकडून दोन वर्षं घे. त्या काळात चौदापैकी सहा गाणी नीट रेकॉर्ड करून दर तीन-चार महिन्यांना एक या हिशेबानं सोड. साठ खुर्च्यांची मैफल वर्षातून दोनदा कर. गाण्यातून आलेला प्रत्येक रुपया वेगळ्या खात्यात ठेव आणि त्याच खात्यातून गाण्याचा खर्च कर. दोन वर्षांनी त्या खात्याकडे बघून मला लिही. आकडा तुझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला असेल तर राजीनाम्याचा मसुदा आपण मिळून लिहू. बँकेतल्या माझ्या राजीनाम्याची भाषा फार छान जमली होती. नाही आला तरी सहा गाणी तुझ्या नावावर असतील आणि शनिवार-रविवार कुणी हिरावून घेतलेले नसतील. कित्येक चांगली गाणी शनिवार-रविवारीच लिहिली गेली आहेत. माझी बरी गाणी तर बँकेतल्या वर्षांतलीच आहेत, असं बायको म्हणते. तिच्याशी वाद घालत नाही.

राहिलं बसचं गाणं. पहिल्या अंतऱ्यात कंडक्टर सुटे नाहीत म्हणून तिकिटामागे बाकी लिहून देतो, आठ रुपये. ती ओळ ऐकून मी गाणं थांबवलं आणि पुन्हा लावलं. दुसऱ्या अंतऱ्यात मात्र एकदम 'आठवणींचा सागर' येतो. सातारा रस्त्यावर सागर कुठून आला? तो काढ. नवं रेकॉर्डिंग तू कर नाहीतर कंपनी करो, त्याआधी तो अंतरा बदल. गाडी साताऱ्याच्या स्टँडात शिरते, लोक उठतात, पिशव्या निघतात, ती मुलगी दारापाशी येते, मुठीत तिकीट आहे. ते आठ रुपये ती मागते का?